कमरेएवढ्या समुद्रातल्या बाई

बाई शांत स्वभावाच्या होत्या, हे साफ खोटं आहे. कॉलेजातल्या शोकसभेत डायरेक्टर साहेबांनी ते माइकवरून सांगितलं, फोटोला हार घातला आणि समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. ‘शांत, सौम्य, माँ समान मैडम.’ जयपूरच्या एका मैत्रिणीने मला हे फोनवर ऐकवलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई रागीट होत्या. सकाळी रागवायच्या, दुपारी रागवायच्या, आणि समोर कोणी सापडलं नाही तर प्रयोगशाळेतल्या गळक्या नळावर रागवायच्या. त्या रागावरच आम्ही वाढलो. आता बाई उलटून बोलू शकत नाहीत, तर त्यांचा राग पुसून टाकायचा अधिकार या माणसाला कोणी दिला? म्हणून मी लिहायला बसले आहे.

त्यांच्या तासाला हात पाठीमागे बांधून बसावं लागे. बालवाडीत नव्हे, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, जगतपुऱ्याच्या पुढे माळावर नव्याने उभ्या राहिलेल्या एका खासगी कॉलेजात. बाई प्राणिशास्त्र शिकवत. टेबलावर ट्रेमध्ये एखादा नमुना मांडत आणि ओरडत, "हाथ पीछे!" मग तासाचा पहिला भाग नुसतं बघायचं. लिहायचं नाही, उचलायचं नाही, बोटाने टोचायचं नाही. सगळ्या कॉलेजात त्यांचं नावच पडलं होतं, ‘हाथ-पीछे मैडम’. मी पहिल्याच दिवशी ट्रेमधल्या प्रवाळाच्या तुकड्यावरून बोट फिरवलं आणि मनगटावर फुटपट्टी बसली. "हाथ लगाया कि देखना ख़तम," त्या म्हणाल्या. मग माझं आडनाव विचारलं, आणि मराठीत दुसरा वार केला, "मराठी ना गो तू? मग तुला दुप्पट लाज वाटायला हवी."

मराठी होते, पण नावापुरती. पप्पा रेल्वेत गार्ड. भुसावळहून त्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा मी दुसरीत होते, त्यामुळे माझी मराठी अर्धी हिंदीच्या खिशात राहायची. "मॅडम, मी ना, मतलब, भूलून गेली," असं काहीतरी मी पुटपुटले. बाई मालवणच्या. नवरा जयपूरच्या एका इस्पितळात डॉक्टर, त्यांच्याबरोबर लग्न होऊन आल्या आणि राहिल्या. समुद्रापासून इतक्या लांब जन्म गेला तरी आवाज मात्र होडीवरून किनाऱ्याला हाक मारणाऱ्याचा. राग वर चढला की हिंदी सुटायची, मराठीही सुटायची आणि निव्वळ मालवणी उरायची. कॉलेजात ती कळणारं कोणीच नव्हतं, आणि तरी सगळ्यांना सगळं कळायचं.

त्यांचं खरं वैर पोवळ्याशी होतं. जयपूर रत्नांचं शहर, इथे मंगळासाठी पोवळ्याची अंगठी प्रत्येक दुसऱ्या बोटात. बाई तास थांबवून एखाद्या मुलीचा हात वर धरत आणि विचारत, "ये किसका घर पहनकर आई हो?" मग सुरू. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाड नव्हे, जनावर आहे. बारीक बारीक जिवांची वस्ती आहे, त्यांनी चुन्याचं घर बांधलंय, आणि आपण ते तासून बोटात घालतो. एकदा एक मुलगी घरी जाऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील भांडायला आले. त्यांच्या बोटात मुलीच्या दुप्पट मोठं पोवळं. बाईंनी त्यांनाही बसवलं, हात मागे घ्यायला लावले आणि तोच धडा पहिल्यापासून शिकवला. गृहस्थ जाताना नमस्कार करून गेले. अंगठी मात्र काढली नाही.

हा राग नुसता पुस्तकी नव्हता. बाईंनी भांडून भांडून एक जादाचा अभ्यासक्रम मंजूर करून घेतला होता. हिवाळ्यात मुलींना मालवणला न्यायचं आणि किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यातलं प्रवाळ, तोंडावर मुखवटा आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत बघायचं. ज्या मुलींनी विहिरीपलीकडे पाणी बघितलं नव्हतं, त्या मुली. घरोघरी घोडं अडलं. पोहायचा पोशाख चालणार नाही, म्हणून बाईंनी मुरलीपुऱ्यातल्या एका शिंप्याला गाठून गळ्यापासून घोट्यापर्यंतचे घट्ट जांभळे कपडे शिवून घेतले आणि पहिला जोड स्वतः घातला. पोरगी उन्हाने काळी पडेल, मग लग्न कसं होणार, असं एका आईने विचारलं. "काळी पडली तर माझ्याकडे आणून द्या, मी ठेवून घेते," बाई म्हणाल्या. पप्पांनी मात्र लगेच होकार दिला. त्यांना वाटलं, निदान मराठी सुधारेल.

समुद्राआधी तलाव. शेजारच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजाच्या पोहण्याच्या तलावात दुपारची बायकांची वेळ होती, तिथे शिक्षण सुरू झालं. पहिल्या दिवशी बाईंनी मुखवट्याच्या काचेत थुंकायला सांगितलं, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. एक मारवाडी मुलगी हटून बसली, "मैडम, जूठा हो जाएगा." बाईंचा आवाज तलावाच्या छताला लागला, "अरे, तेरा ही तो मुँह लगेगा उसमें!" ती थुंकली. मग सगळ्याच थुंकल्या, आणि इतक्या हसल्या की दोघीतिघींनी पाणी प्यायलं.

खरी परीक्षा कुल्हडांची. चहाचे ते मातीचे पेले बाईंनी पोतं भरून आणवले आणि तलावाच्या उथळ बाजूला तळाशी ओळीने नव्हे, दाटीवाटीने मांडले. पाणी कमरेएवढं. त्यांच्यावरून पालथं पडून तरंगत जायचं. दम लागला, नळीत पाणी गेलं, भीती वाटली, काहीही झालं तरी पाय खाली टेकायचा नाही. उथळ पाण्यात माणसाला पहिली आठवण होते ती उभं राहण्याची, आणि बाईंना तीच सवय मोडायची होती. "पैर ऊपर!" त्या काठावरून ओरडत. पेला फुटला की त्या मुलीनेच बुडी मारून तळाच्या ठिकऱ्या वेचायच्या. माझ्या पायाखाली इतके फुटले की मला वाटलं कुंभार माझ्यावरच जगतोय. बाईंनी एक ठिकरी माझ्या तळहातावर ठेवली. "कुंभार उद्या दुसरा करून देईल. तिथे प्रवाळ फुटलं तर तुझ्या नातीलाही पुन्हा बघायला मिळायचं नाही. पाय वर."

अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी आम्ही मालवणला पोचलो. बाईंची तिथेही शिस्त होती. होडीचा नांगर प्रवाळापासून लांब, वाळूत टाकायचा. पाण्यात उतरल्यावर हिंडायचं नाही. प्रत्येकीला एक जागा नेमून दिलेली, त्या एका गोळ्यावर तरंगत राहायचं आणि तेवढंच बघायचं. "तू बाजारात फिरायला आलेली नाहीस," मला म्हणाल्या. मला आधी काहीच दिसलं नाही. पिवळट हिरवा खडक, बस्स. मग हळूहळू त्या खडकावर नागमोडी रेघा दिसल्या, रेघांमधून इवलाले हात बाहेर आलेले दिसले, एक निळा मासा येऊन कडेचं शेवाळ खरवडताना दिसला. मी तिथे किती वेळ होते कोण जाणे. नंतर बाई मला हवेचं नळकांडं बांधून, तिथल्या एका पाणबुड्या मुलासोबत थोडं खोल घेऊन गेल्या. स्वतः त्या पन्नाशी उलटल्यावर हे शिकल्या होत्या. खाली त्यांनी एका मोठ्या पानासारख्या प्रवाळाकडे नुसता हात केला आणि स्थिर झाल्या. बाईंना मी न रागावलेलं तेवढं एकदाच बघितलं. वर आल्यावर मुखवटा काढायच्या आधीच त्यांनी त्या पाणबुड्या मुलाला झापलं, वाळू उडवली म्हणून.

दुसऱ्या वर्षी डायरेक्टर साहेब सहलीला आले आणि सगळं नासलं. त्यांना अचानक सुचलं होतं की वाळवंटाजवळचं कॉलेज समुद्र शिकवतं, ही जाहिरात झकास होईल. सोबत त्यांची बायको. सगळे त्यांना भाभीजी म्हणायचे. भाभीजी मनाने भली बाई. कुठल्याशा पंडिताने शनिवारी माशांना कणकेच्या गोळ्या घालायला सांगितलं होतं, आणि जयपुरात एका देवळाच्या तळ्यावर जाऊन त्या ते नेमाने करत. आमची होडी प्रवाळाजवळ लागली तो नेमका शनिवार. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि गोळ्या टाकायला सुरुवात केली. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने आले. मुलींनी किंचाळ्या मारल्या, तरंगणं विसरल्या, आणि एकीचा पाय खाली गेला. मग दुसरीचा. ओहोटीचं कमरेएवढं पाणी, तलावात होतं तेवढंच.

"पैर ऊपर!" बाई ओरडल्या, आणि मुलींचे पाय वर आलेही. भाभीजींवर मात्र त्या ओरडल्या नाहीत. होडीला धरून त्यांनी डब्यावर झाकण बसवलं आणि म्हणाल्या, "भाभीजी, ये मंदिर का तालाब नहीं है. इनका खाना यहीं लगा हुआ है, आप परेशान मत होइए." भाभीजींना ते पटलंसुद्धा. मला भाभीजींचा कधीच राग आला नाही. पुण्य मिळवायला आलेल्या माणसाला कोण काय सांगणार?

पण त्यांचा नवरा पुण्यासाठी आलेला नव्हता. तो होडीतून उतरला. अंगात नारिंगी जाकीट, पायात कॅनव्हासचे बूट, हातात कॉलेजच्या नावाचा गुंडाळलेला कापडी फलक. पाय टेकला तसा त्याचा चेहरा खुलला. "अरे, यहाँ तो ज़मीन है! आ जाओ सब, लाइन में खड़े हो जाओ, फ़ोटो लेंगे!" त्याच्या बुटाखाली पानासारखं पसरलेलं प्रवाळ होतं. माझं तोंड पाण्यात होतं, मी तो आवाज ऐकला. पापड मोडल्यासारखा. एक पाऊल, मोडलं. तोल सावरायला दुसरं पाऊल, तेही मोडलं. ज्यासाठी आम्ही महिनाभर कुल्हडांवरून तरंगलो, ते या माणसाने फलक सरळ धरण्याच्या नादात तुडवलं. आणि त्याला सांगितलं नव्हतं असं नाही. होडीत बसताना बाईंनी सांगितलं होतं, गाडीत सांगितलं होतं, जयपूरला त्याच्या ऑफिसात सांगितलं होतं.

बाईंची हिंदी सुटली. "मेल्या, पाय काढ! पाय काढ म्हणतंय ना तुका! ह्या तुझ्या बापाचा आंगण नाय!" त्याला शब्द कळले नाहीत, तो हसून म्हणाला, "हाँ हाँ, मैडम, आप भी आइए." मग बाई पोहत त्याच्या पाठीमागे गेल्या, जाकिटाचा पट्टा मुठीत धरला आणि त्याला मागे ओढलं. जाकिटामुळे तो बुडाला नाही, नुसता उताणा झाला आणि हातपाय हलवत राहिला. तसाच त्याला ओढत बाईंनी होडीपर्यंत नेला आणि होडीवाल्याच्या हवाली केला. होडीवाला हसला. आम्ही हसलो. भाभीजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

त्या हसण्याची किंमत बाईंनी मोजली. साहेबांना प्रवाळ मोडल्याचं काही नव्हतं, पोरी हसल्याचं होतं. जयपूरला परतल्यावर त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, स्नेहसंमेलनात स्टेजवर सगळ्या पालकांसमोर माफी मागा, नाहीतर हा अभ्यासक्रम बंद. पुढच्या वर्षीच्या मुलींनी नावं दिली होती. काहींच्या घरचा होकार बाईंनी तीन-तीन फेऱ्या मारून मिळवला होता. मी बाईंना म्हटलं, "बंद पडू दे. तुम्ही मागायची नाही." मला खात्री होती की त्या मागणार नाहीत. ज्या बाईने एकदा प्राचार्यांनाही व्हरांड्यात उभं करून सुनावलं होतं, ती असल्या माणसापुढे मान खाली घालेल?

घातली. स्टेजवर जाऊन, हात जोडून, स्पष्ट हिंदीत, "मुझसे बदतमीज़ी हुई, मैं माफ़ी चाहती हूँ." साहेबांनी मोठेपणाने मान हलवली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मी भर सभेतून उठून बाहेर आले. जिन्यात बाईंना गाठलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. तुमची चूक काय होती, ते सांगा आधी. "चूक नव्हती म्हणूनच मागता आली," त्या म्हणाल्या. "चूक असती तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. माझा मान घेऊन मी काय करू गो? त्या पोरी गेल्या पाहिजेत." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. चांगल्या माणसाने वाकायचं आणि वाईटाने टाळ्या घ्यायच्या, हा हिशेब मला कधीच मान्य होणार नाही, मग तो बाईंनी का सांगितलेला असेना.

आणि झालं काय? पुढच्या तुकडीला बाईंनी पावसाळा संपल्यापासून तलावात घातलं. पुन्हा पोतंभर कुल्हड, पुन्हा थुंकणं, पुन्हा "पैर ऊपर". मी एम.एस्सी.ला जयपुरातच दुसऱ्या कॉलेजात होते, तरी दुपारी मदतीला जायचे. मुली तयार झाल्या. गाडीची तिकिटं निघाली. आणि निघायला आठवडा उरला असताना साहेबांनी बाईंना चहाला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की आपकी उम्र हो गई है, आराम कीजिए, मुलींना आता एक सहल कंपनी घेऊन जाईल. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. बाई चहा अर्धा टाकून उठल्या, तलावावर आल्या आणि त्या मुलींचा शेवटचा सराव पूर्ण करून घेतला. साहेबांबद्दल एक शब्द काढला नाही. सरावात मात्र इतक्या ओरडल्या की जीवरक्षक बाई घाबरून बघायला आली.

त्या डिसेंबरात मुली मालवणला गेल्या आणि बाई जयपुरात घर आवरत बसल्या. डॉक्टर निवृत्त झालेच होते. उन्हाळ्याच्या तोंडावर दोघं मालवणला गेली. स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. अजून माझा राग गेला नव्हता, त्यांचाही नव्हता, त्यामुळे आम्ही दोघी हमालावर रागावलो. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाल्या, "मराठी नीट बोलायला शिक. भांडताना उपयोगी पडते." शिकले.

मे महिन्यात प्रवेश सुरू झाले आणि सीतापुऱ्याच्या वाटेवर कॉलेजचा भला मोठा फलक लागला. मी स्कूटरवरून जात होते, कचकन ब्रेक लावला. मागच्या बसवाल्याने शिव्या दिल्या. फलकावर समुद्र, निळाशार, आणि त्यात कमरेएवढ्या पाण्यात ओळीने उभ्या असलेल्या मुली. हात वर केलेले, दात दिसताहेत, मध्ये साहेब. मी त्यातल्या कितीतरी जणींना ओळखत होते. याच मुली दुपारी तलावात ठिकऱ्या वेचायच्या. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून मोठ्याने शिव्या घातल्या, मराठीत. समोरच्या पानवाल्याने पान लावायचं थांबवलं. मग मला ओळीच्या टोकाला, फोटो जवळजवळ संपतो तिथे, काहीतरी जांभळं दिसलं. एक पाठ. एक मुलगी पालथी तरंगत होती. पाय वर, सरळ, पाण्याच्या रेषेत. सगळ्या उभ्या राहिल्या, ही राहिली नव्हती. फोटो काढणाऱ्याने बोलावलं असणार, साहेबांनी बोलावलं असणार, मैत्रिणींनी हाका मारल्या असणार. ही उठली नव्हती.

मी तिथूनच मालवणला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "पण बाई, एक मुलगी उभी राहिली नाही!" मला वाटलं त्या खूश होतील.

"आणि बाकीच्या?" बाईंनी विचारलं.

"उभ्या आहेत."

"प्रवाळावर?"

"हो."

"मग एकीचं काय कौतुक सांगतेस माका?" त्या कडाडल्या, आणि फोन ठेवून दिला. मी तशीच स्कूटरला टेकून उभी राहिले. रडायला येत होतं, आणि रडू येतंय याचाही राग येत होता. स्कूटर सुरू करते तोच फोन वाजला.

"कोण ती?" बाई. आवाज चढलेलाच.

"कळत नाही, बाई. तोंड दिसत नाही."

"का दिसत नाही?"

"पाण्यात आहे."

पलीकडून वारा ऐकू आला, आणि लांबून कुणीतरी होडीवरून मारलेली हाक.

"मग बरोबर आहे," बाई म्हणाल्या.